पाण्यातले मनोरे : नांदेड-लातूरच्या जलाशयांचे छायाचित्रण

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या जलाशयांवर दीपस्तंभ नाहीत. गोदावरी, मांजरा, मन्याड, तेरणा या नद्या अडवून इथे जे पाणी साठले ते नदीच्या खोऱ्याच्या वळणाने पसरलेले आहे. हवा स्वच्छ असेल तर पलीकडचा काठ नजरेच्या टप्प्यात राहतो. त्यावरून रात्री जहाजे जात नाहीत. मासेमारी चालते ती थर्मोकोलच्या तराफ्यावरून किंवा छोट्या होडीतून, आणि काही गावांत तर पाणी ओलांडायला गुळाची लोखंडी कढईही वापरली जाते. वाट दाखवणाऱ्या दिव्याची गरज या पाण्याला कधी पडली नाही. पण सरोवराकाठच्या दीपस्तंभाचे छायाचित्र ज्या गोष्टींवर उभे राहते, त्या सगळ्या इथे आहेत : सपाट पाणी, मोठे आकाश आणि दोहोंच्या मध्ये माणसाने उभी केलेली एकच उभी रेघ. मराठवाड्यात ही रेघ जॅकवेलची असते, धरणाच्या दरवाजांवरच्या खांबांची असते, किल्ल्याच्या बुरुजाची किंवा घाटावरच्या शिखराची असते. या वास्तूंचे छायाचित्रण हा प्रस्तुत विषय आहे.

दीपस्तंभ म्हटले की मराठी वाचकाला कोकण आठवते : मुंबईजवळच्या खडकावरचा १८७५ सालचा प्रॉंग्ज किंवा खांदेरी बेटावरचा १८६७ सालचा दीपस्तंभ. गोड्या पाण्यावरच्या दीपस्तंभांची खरी भूमी मात्र उत्तर अमेरिकेतली पाच महासरोवरे. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टॅरिओ यांच्या काठांवर मिळून दोनशेहून अधिक दीपस्तंभ आहेत. टोरांटोचा जिब्राल्टर पॉइंट १८०८ चा आहे. ईरी सरोवरावरचा मार्बलहेड १८२२ पासून आजतागायत चालू आहे. सुपीरियरच्या कड्यावरचा स्प्लिट रॉक १९०५ च्या नोव्हेंबरातल्या भीषण वादळानंतर बांधला गेला आणि १९१० मध्ये पेटला. १९६९ मध्ये त्याचे काम थांबले, तरी दरवर्षी १० नोव्हेंबरला तो पुन्हा लावला जातो. १९७५ मध्ये त्याच तारखेला एडमंड फिट्झजेराल्ड हे मालवाहू जहाज २९ खलाशांसह सुपीरियरमध्ये बुडाले होते. मिशिगन सरोवरावरच्या सेंट जोसेफचा दीपस्तंभ हिवाळी वादळात लाटांच्या तुषारांनी बर्फात गोठतो, आणि त्याची ती छायाचित्रे जगभर पाहिली जातात.

त्या परंपरेतून मराठवाड्याने घेण्यासारखे एकच आहे, पण ते मोलाचे आहे. तिथले चांगले छायाचित्रकार एकाच मनोऱ्याकडे सगळ्या ऋतूंत, वर्षानुवर्षे परत जातात. मनोरा तोच असतो. बदलते ते पाणी, आकाश आणि काठ. महासरोवरांचे पाणी त्या मानाने फारसे बदलत नाही. मिशिगन-ह्यूरनची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नोंदींतल्या नीचांकावर होती आणि २०२० मध्ये उच्चांकांवर गेली. या दोन टोकांमधले अंतर सुमारे दोन मीटर. मांजरा जलाशयात याहून कितीतरी मोठी उलथापालथ पाच-सहा वर्षांत होते, आणि कधी कधी ऑक्टोबर ते मे इतक्याच काळात. म्हणून इथल्या छायाचित्राचा गाभा मनोऱ्यापेक्षा मनोऱ्याला टेकलेल्या पाण्याच्या रेषेत असतो. ही रेषा न दाखवणारे छायाचित्र कितीही देखणे असले तरी ते या प्रदेशाचे नव्हे.

मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, लातूरमधून बीदरकडे जाते आणि पुढे तेलंगणात गोदावरीला मिळते. तिच्यावरचे मोठे धरण धनेगावला, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात आहे, पण त्याचे नाव निघते ते लातूरच्या पाण्यासाठी. एकूण साठा सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त साठा सुमारे १७७. स्थानिक बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत हे माप ‘दलघमी’ असेच येते. लातूर शहर, अंबाजोगाई, केज, कळंब ही गावे याच पाण्यावर आहेत. नांदेडजवळ असर्जन येथे गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प आहे. त्याच्या जलाशयाला शंकरराव चव्हाणांच्या नावाने शंकर सागर म्हणतात. उपयुक्त साठा सुमारे ८१ दलघमी, म्हणजे मांजराच्या निम्म्याहून कमी. पण नदीच्या पात्रातच दूरवर गेलेले हे पाणी डोळ्याला मोठे वाटते. इथे पाणी उताराने कालव्यात जात नाही, पंपांनी उपसून वर चढवले जाते. आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांत तिची गणना होते. काठावर काळेश्वराचे मंदिर आहे, आणि श्रावणात तिथली गर्दी, पाणी आणि धरणाचे दरवाजे एकाच चौकटीत बसवता येतात.

मन्याड नदीवर दोन धरणे आहेत : लोहा तालुक्यातले लिंबोटी, म्हणजे ऊर्ध्व मानार, आणि खाली बारूळचे निम्न मानार. लातूर जिल्ह्यातले मध्यम प्रकल्प (तावरजा, रेणापूर, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी, मसलगा) लहान आहेत, तिथे छायाचित्रकार क्वचितच जातात. या लहान तलावांकडे अधिक लक्ष जायला हवे. मोठ्या धरणाच्या बातम्या होतात, त्यांची छायाचित्रेही निघतात. तिरू किंवा साकोळ आटला तर ते फक्त आसपासच्या गावांना कळते.

या सगळ्यांहून जुने पाणी कंधारला आहे. कंधारचा भुईकोट राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळाशी, म्हणजे दहाव्या शतकाशी जोडला जातो. गावाजवळच्या तलावाचे नाव जगत्तुंग समुद्र. ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूटांचे बिरुद, तिसऱ्या गोविंदाने धारण केलेले. किल्ल्याभोवतीच्या रुंद खंदकात पाणी असते तेव्हा तट आणि बुरूज त्यात पूर्ण उमटतात. काळ्या दगडाचा बुरूज आणि उजळ आकाशाचे प्रतिबिंब यांच्यातला फरक कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जाणारा असतो. बुरुजाला धरून एक्सपोजर घेतले तर पाणी पांढरे पडते, पाण्याला धरून घेतले तर दगड काळाठिक्कर होतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे सूर्य उगवल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास, जेव्हा दगडावर तिरपा प्रकाश असतो आणि आकाश अजून तापलेले नसते.

जॅकवेल म्हणजे पाणी उपसण्याची विहीर. जलाशयाच्या आत किंवा अगदी काठाशी काँक्रीटची गोल विहीर बांधतात. तिला वेगवेगळ्या उंचीवर झडपा असतात, म्हणजे पातळी वर असो की खाली, त्या त्या थरातले पाणी आत घेता येते. माथ्यावर पंपघर असते, त्याला खिडक्या, आणि काठापासून तिथवर जायला खांबांवरचा अरुंद पूल. आतले उभे पंप पाणी नळात ढकलतात, आणि ते शुद्धीकरण केंद्राकडे जाते. लातूरचे पाणी धनेगावहून निघते, नांदेडचे कोटीतीर्थच्या पंपगृहातून. बांधणीत अलंकार काही नाही. तरी गोल देह, वर काचा असलेली खोली आणि पायथ्याशी पाणी असा हा आकार दीपस्तंभाच्या इतका जवळ जातो की दुरून, संध्याकाळी, पंपघरात दिवा लागलेला असताना, गल्लत व्हावी. काँक्रीटवर पाण्याने वर्षानुवर्षे ठेवलेले पट्टे असतात : वर फिकट, खाली गडद, मध्ये शेवाळाचा हिरवा. प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी बराच काळ थांबलेली एक पातळी. जवळून, टेलिफोटो लेन्सने, तिरप्या प्रकाशात घेतलेले या पट्ट्यांचे छायाचित्र हे संपूर्ण जलाशयाच्या रुंद दृश्याइतकेच बोलके असते. पातळी सर्वांत खालच्या झडपेच्याही खाली गेली की जॅकवेल कोरडी पडते. मग पाण्याच्या उरलेल्या डबक्यापासून तिच्यापर्यंत चर खणतात, तरंगते पंप बसवतात.

प्रकाशाचा विचार इथल्या अक्षांशापासून सुरू करावा लागतो. नांदेड सुमारे १९ अंश उत्तरेला, लातूर त्याहून किंचित खाली. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य इथे दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस हे पुन्हा घडते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मनोऱ्याच्या दृष्टीने ही वाईट वेळ आहे. सगळा प्रकाश माथ्यावर पडतो, अंगावर सावली-उजेडाचा खेळ नसतो आणि गोल विहीर सपाट दिसते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच असतो, म्हणून हिवाळ्यात दिवसभर काम करता येते. सूर्योदयाची जागाही वर्षभरात सरकते : डिसेंबरात ठीक पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला, जूनमध्ये तितकीच उत्तरेला. मांजरा आणि गोदावरी इथे साधारणपणे पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे साठलेले पाणी भिंतीच्या पश्चिमेला पसरते. भिंतीच्या बाजूने पाहिले तर सकाळी प्रकाश पाठीशी असतो आणि मनोऱ्याचा पोत दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि मनोऱ्याची फक्त काळी आकृती उरते. काळी आकृती सुंदर असते, पण तिच्यात पट्टे दिसत नाहीत. नोंद म्हणून सकाळचे छायाचित्र अधिक कामाचे.

उष्ण कटिबंधात सूर्य उभा मावळतो आणि संधिप्रकाश लवकर संपतो. मिशिगनच्या काठी तो अर्ध्या तासाहून जास्त टिकतो. नांदेडला वीस-पंचवीस मिनिटांत काम आटोपावे लागते. ट्रायपॉड आधी लावून, चौकट आधी ठरवून ठेवणे म्हणूनच भाग आहे.

हवा हा दुसरा घटक. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि एक किलोमीटर अंतरावरचा मनोरा टेलिफोटोतून पाझरल्यासारखा दिसतो. महाग लेन्सही इथे उपयोगी पडत नाही. उन्हाळ्यात सकाळी आठपूर्वी काम संपवावे. ऑक्टोबर हा वर्षातला सर्वांत स्वच्छ महिना. पावसाने धूळ बसलेली असते, आकाश निळे असते, पाणी काठोकाठ असते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कोमट पाण्यावर गार हवा येते आणि धुक्याचा पातळ थर उठतो. तेव्हा मनोऱ्याचा पायथा झाकला जातो. पोलरायझर फिल्टर जपून वापरावा. आकाश गडद करण्यासाठी तो फिरवला की पाण्यातले प्रतिबिंबही पुसले जाते, आणि मनोऱ्याच्या चित्रात प्रतिबिंब बहुतेक वेळा मनोऱ्याइतकेच महत्त्वाचे असते. उभ्या रेषा उभ्याच ठेवायच्या तर कॅमेरा सरळ धरून खालचा जास्तीचा भाग नंतर कापावा. वर रोखलेल्या कॅमेऱ्यात मनोरा मागे कलतो.

या छायाचित्रणाचा सर्वांत अर्थपूर्ण प्रकार म्हणजे एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा घेतलेली छायाचित्रे. १८८० च्या दशकात सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी आल्प्समधल्या हिमनद्यांसाठी ही पद्धत रुजवली. जलाशयाला ती अधिकच शोभते, कारण इथे बदल वर्षाच्या आत दिसतो. जागा पक्की हवी : मैलाचा दगड, मंदिराचा चौथरा, भिंतीवरचा एखादा ठरावीक खांब. लेन्सची लांबी दर वेळी तीच, कॅमेऱ्याची उंची तीच, आणि चौकटीत न हलणारी निदान दोन चिन्हे, उदाहरणार्थ मनोरा आणि त्याच्या मागची टेकडी. तारखाही प्रदेशाच्या पाणी-वर्षातून घ्याव्यात. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरचा साठा पाहून वर्षाच्या पाण्याचे नियोजन होते. दुसरी तारीख मेअखेरची, जेव्हा साठा तळाला असतो. या दोन तारखांना दरवर्षी एक-एक छायाचित्र घेतले आणि त्यासोबत जलसंपदा विभागाच्या त्या दिवशीच्या साठ्याचा आकडा लिहून ठेवला, तर दहा वर्षांत जे जमते ते कुठल्याही अहवालात सापडणार नाही. आकडा टक्के सांगतो. छायाचित्र सांगते की त्या टक्क्यांत काठ किती मागे गेला, कुणाचे शेत उघडे पडले, कुठे गाळपेर झाली. मागे सरकलेल्या पाण्याच्या ओलीवर घेतलेले हे पीक आटत्या जलाशयाच्या काठाला हिरवी किनार देते. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली कोरड्या तळातला गाळ शेतांवर नेला जातो. उन्हाळ्यातल्या चौकटीत जेसीबी आणि ट्रॅक्टर येतात ते त्यामुळे.

मांजरा धरणाच्या बाबतीत अशी सलग नोंद असती तर आज ती अनमोल ठरली असती. सलग दुष्काळांनंतर २०१६ च्या उन्हाळ्यात धरण कोरडे पडले. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. कृष्णेचे पाणी वाघिणींतून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून येत होते. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आले. त्या काळातली बहुतेक छायाचित्रे रेल्वेची, टँकरची, घागरींच्या रांगांची आहेत. ती आवश्यकच होती. पण पाण्याने सोडलेल्या जॅकवेलची, तिच्या उघड्या पडलेल्या झडपांची, तिच्या पायथ्याशी भेगाळलेल्या गाळाची शांतपणे, एका जागेवरून, महिन्या-महिन्याला घेतलेली मालिका शहराला पाणी कसे संपते ते दाखवू शकली असती. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरले. पुढे २०२१ च्या सप्टेंबरात गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले आणि मांजराकाठची शेते पाण्याखाली गेली. सहा वर्षांच्या आत एकाच मनोऱ्याने ही दोन्ही टोके पाहिली.

पाणी उतरल्यावर वर येणाऱ्या वास्तू हा याच विषयाचा भाग. महाराष्ट्रातले सर्वांत परिचित उदाहरण उजनीतले आहे : भीमेच्या पाण्यात बुडालेल्या जुन्या पळसदेव गावातले प्राचीन मंदिर उन्हाळ्यात उघडे पडते. आधी शिखर दिसते, मग मंडप. मराठवाड्यातल्या जलाशयांतही जुन्या गावांची जोती, विहिरी, पार वर येतात. तिथे कॅमेरा घेऊन जाताना हे ध्यानात असावे की काठावर पुनर्वसित झालेली कुटुंबे त्याच जोत्यांना आपले घर म्हणतात. गावातल्या जुन्या माणसाला सोबत घेऊन गेल्यास कुठले जोते कशाचे होते हे कळते, आणि चित्राखाली लिहिण्याजोगे काही हाती लागते.

रात्रीचे छायाचित्रण नांदेडला अधिक फळते. गोदावरीच्या घाटांवर, विशेषतः नगीना घाटावर, गुरुद्वाराचा पांढरा उजेड पाण्यात उतरतो. १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंह यांनी बांधवलेला सचखंड हुजूर साहिब तिथून जवळच आहे. त्रिपुरी पौर्णिमेला नदीत दिवे सोडले जातात. पाच-दहा सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये त्या दिव्यांच्या रेघा होतात आणि प्रवाहाची दिशा दिसते. दिवे सुटे हवे असतील तर संवेदनशीलता वाढवून शटर एक-पंचमांश सेकंदाच्या जवळपास ठेवावे. जलाशयांवर आकाश अंधारे असते आणि चंद्रोदय मनोऱ्यामागून साधता येतो. चंद्रबिंब अर्ध्या अंशाचे दिसते. दहा मीटर उंचीचा मनोरा सुमारे अकराशे मीटरवरून पाहिला की तेवढाच दिसतो. म्हणून मनोरा आणि चंद्र एका आकाराचे हवे असतील तर एक किलोमीटरभर मागे जाऊन लांब लेन्स वापरावी लागते. दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, तेव्हा एक्सपोजर सेकंदापलीकडे नेऊ नये.

परवानगीचा प्रश्न गंभीर आहे. अनेक धरणांवर छायाचित्रणास मनाई करणारे फलक असतात आणि जॅकवेल ही शहराच्या पाण्याची जागा असल्याने तिथला पहारा योग्यच आहे. भिंतीवर किंवा पंपघरात जायचे असेल तर संबंधित कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करावा. सार्वजनिक काठावरून घेतलेली छायाचित्रे बहुतेक कामाला पुरेशी होतात. ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू आहेत. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे विमानतळ आहेत, त्यामुळे उड्डाणापूर्वी डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल, पिवळे, हिरवे क्षेत्र पाहणे बंधनकारक आहे; हिरव्या क्षेत्रातही चारशे फुटांची मर्यादा आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ती दोनशे फुटांवर येते. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या बाजूला, पात्रात उतरून काम करू नये. दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो, पण पाणी वाढायला फार वेळ लागत नाही. उन्हाळ्यात धोका उलटा असतो : गाळ वरून भेगाळलेला आणि टणक दिसतो, खाली मऊ असतो, आणि पाण्याच्या कडेजवळ माणूस मांडीपर्यंत रुततो. मासेमारांच्या पायवाटा सोडून जाऊ नये.

छायाचित्र काढून झाल्यावरचे काम बहुतेकजण टाळतात, पण जलाशयाच्या नोंदीत तेच अर्धे काम आहे. मूळ फाइल रॉ स्वरूपात जपावी, कारण पाण्याचा आणि दगडाचा रंग पुढे तुलनेला लागतो. प्रत्येक चित्रासोबत दिनांक, वेळ, उभे राहण्याची जागा, दिशा, लेन्सची लांबी आणि त्या दिवशीचा साठा दलघमीत लिहावा. जॅकवेलवर किंवा भिंतीवर मापनपट्टी दिसत असेल तर तिचे एक जवळचे छायाचित्र वेगळे घ्यावे. गावाचे नाव तालुक्यासह लिहावे, कारण या दोन जिल्ह्यांत एका नावाची गावे बरीच आहेत. फाइलींची एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या ठिकाणी, शक्य तर तालुक्याच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या भूगोल विभागात ठेवावी, म्हणजे पुढच्या दुष्काळात ती शोधणाऱ्याला सापडेल.